चौथ्या वळणावरची पोती

कवलापूरच्या माळावर फेब्रुवारीत
मोटारसायकलींची शर्यत भरते तेव्हा
चौथं वळण माझं.
हातात पिवळा झेंडा, कानात कापसाचे बोळे,
खिशात दाभण.

बाकीचे दिवस मी सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीची पोती शिवतो.
उंदरांनी कुरतडलेली अडत्याकडून मागून आणतो,
त्यात उसाचं पाचट ठासतो, तोंड शिवतो,
आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला
तीन थरांची भिंत रचतो.
भिंतीला कुणी टाळ्या वाजवत नाही.

पूर्वी इथं नुसता सुंभाचा दोर.
अलीकडे माणसं, पलीकडे गाड्या,
आणि धूळ उठली की दोर कुठाय ते
माणसांनाही दिसायचं नाही, गाड्यांनाही.
वळणापाशी पाटबंधाऱ्याचे सिमेंटचे पाइप पडलेले,
म्हैसाळचं पाणी येणार म्हणून आणलेले.
पाणी यायला अजून पुष्कळ वर्षं होती.
आम्ही पोरं पाइपांवर चढून बसायचो.
तिथून चांगलं दिसायचं.

मिरजेचा दस्तगीर शिकलगार
डोक्याला बहिणीनं विणलेला मफलर गुंडाळून यायचा.
गाडी स्वतः बांधलेली,
टाकी एकीची, चाकं दुसरीची,
आवाज मात्र त्याचा एकट्याचा.
तो वळणात लवला की गुडघा मातीला टेकायचा
आणि आमचा श्वास कुणीतरी मुठीत धरायचं.
खोटं कशाला बोलू,
आम्ही त्या मुठीसाठीच जायचो.

त्या वर्षी मूठ उघडलीच नाही.

पाइपाला साधा तडा गेला नाही.
मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.
मफलर जड झाला होता.
जीप यायला पाऊण तास लागला.
तोवर पुढची फेरी सुटली होती,
आणि मान वर करून मी तीही बघितली.
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या साली टेम्पोभर पोती घेऊन गेलो.
शर्यत भरवणारे बापू आवटी हसले,
"गाद्या अंथरल्यावर बघायला कोण येणार रं?"
मी काही बोललो नाही.
रात्रीच रचून ठेवली.

गर्दी कमी झाली, ते खरं आहे.
आता हेल्मेट, गळ्याला पट्टा, पाठीला कासवाचं कवच,
फाट्यावर ॲम्ब्युलन्स, तिचा ड्रायव्हर भेळ खात.
गाड्या दस्तगीरच्या दुप्पट पळतात
तरी चहाच्या गाड्यावर म्हातारे म्हणतात,
आता काय राम राहिला नाही त्यात.
मी दाभणात सुतळी ओवत ऐकतो.
एखाद्या सुन्या दुपारी
मलाही तसंच वाटून जातं.

परवा गार्गी लेंगरे, विट्याची, एकोणीस वर्षांची.
चौथ्या वळणात मागचं चाक सुटलं तिचं.
गाडी एकीकडे, पोरगी एकीकडे,
आणि तीच मूठ,
तीस-बत्तीस वर्षांनी, तेवढीच घट्ट.

धप्प.

मग पिवळा धूर.
तागात मुरलेली सगळी हळद एकदम उडाली
आणि त्यातून ती उठली,
हेल्मेटपासून बुटापर्यंत पिवळी.
"हळद लागली गं पोरीला!" कुणीतरी ओरडलं.
अख्खा माळ हसला.
ती क्लचच्या तारेला शिव्या घालत
गाडी उचलायला पळाली.
मी झेंडा हलवायचाच विसरलो.
हसत होतो की काय करत होतो,
मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी फाटलेलं पोतं शिवत बसलो होतो,
तर ती आली, पांढरी जर्सी हातात घेऊन.
"काका, हे निघंल का? आई मारंल मला.
साबणानं घासू?"

म्हटलं, साबण अजिबात लावू नकोस.
हळदीला साबण लागला की
लाल होते.
नुसत्या पाण्यातनं काढ
आणि पत्र्यावर उन्हात टाक.
ऊन खातं हळद.
दोन-चार दिवस लागतील.